रविवारची पाच मिनिटं

(पत्र चार पानांचं होतं. महत्त्वाचा भाग तेवढा देते.)

"ताई, नमस्कार. माझा थोरला मुलगा अग्निवीर म्हणून भरती झाला. बेळगावला मराठा सेंटरला ट्रेनिंगला जाऊन त्याला आता सात आठवडे होतील. आमच्या भावकीत फौजेत गेलेला हा पहिलाच. दोन वर्षं त्यानं भरतीची तयारी केली. हे रोज पहाटे चारला त्याच्याबरोबर उठायचे आणि डांबरी रस्त्यावर घड्याळ धरून उभे राहायचे. निकाल लागला तेव्हा यांनी गावभर पेढे वाटले.

आता फोन फक्त रविवारी येतो, तोही पाच-सात मिनिटं. तीन आठवड्यांपूर्वी तो म्हणाला, 'आई, मला जमेल का गं इथं?' मला रडूच कोसळलं. यांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला, 'माघारी यायचं नाव काढायचं नाही, गावात तोंड दाखवायचंय आपल्याला' असं म्हणाले आणि फोन ठेवला. त्या दिवसापासून आम्हा दोघांत धड बोलणं नाही. हे अजूनही पहाटे चारला उठतात आणि ओट्यावर अंधारात बसून राहतात. विचारलं तर झोप येत नाही म्हणतात. त्यानंतरचे दोन्ही रविवार पोरगा 'सगळं बरं आहे, जेवण चांगलं आहे' एवढंच बोलला. वर भावकीतले विचारतात, चार वर्षांनी पुढं काय?

त्याच्या बॅचला आमच्या बाजूच्या तालुक्यातली दोन पोरं आहेत. त्यांच्या आयांशी मी फोनवर बोलते. परवा त्यातली एक म्हणाली, पळताना कुणाचं तरी पोरगं पडलं आणि दवाखान्यात आहे. कुणाचं ते तिलाही माहीत नाही. दोन रात्री माझ्या डोळ्याला डोळा नाही. बेळगाव काही लांब नाही. एकटीच जाऊन गेटवर उभी राहू का? की मीच मनानं कच्ची आहे?"

— एक आई, कोल्हापूर जिल्हा

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुम्ही कच्च्या नाही. इतकी वर्षं रोज डोळ्यांसमोर असलेलं पोरगं एका सकाळी पेटी उचलून निघून जातं आणि मागे आठवड्यातून पाच मिनिटांचा आवाज तेवढा उरतो. अशा वेळी आईला झोप लागली असती तरच मला नवल वाटलं असतं.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि दर वेळी एकाच ओळीवर थांबले. ती ओळ मुलाबद्दलची नाही. "हे अजूनही पहाटे चारला उठतात आणि ओट्यावर अंधारात बसून राहतात." तिच्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी त्या फोनबद्दल बोलू, कारण गाठ तिथे बसली आहे.

तो फोन तिकडच्या बाजूनं कसा होता ते डोळ्यांसमोर आणा. रविवार आहे. मागे पाच-दहा पोरं आपापल्या घरी बोलायला ताटकळली आहेत. आठवडाभर ड्रिलमध्ये ओरडून घसा बसलेला आहे. मागच्याला ऐकू जाईल म्हणून मोकळं बोलता येत नाही. तरीही तुमच्या मुलानं हिय्या करून विचारलं, जमेल का मला? हा प्रश्न त्यानं बहुधा सोमवारपासून मनात घोळवला असेल. त्याला एका बाजूनं रडणं ऐकू आलं आणि दुसऱ्या बाजूनं दटावणी. दोन्ही एकाच भीतीतून आलं, हे तुम्हाला आणि मला कळतं. त्याला मात्र इतकंच कळलं की हा प्रश्न घरी विचारायचा नसतो. म्हणून आता तो सांगतो, सगळं बरं आहे, जेवण चांगलं आहे. ताई, तो तुम्हाला सांभाळतोय. पहाटेपासून पीटी, परेड, क्लास, हत्याराची साफसफाई, रात्रीची हजेरी, एवढं करून वर आई रडू नये आणि बाबा चिडू नयेत ही आणखी एक ड्यूटी त्यानं स्वतःला लावून घेतली आहे. हे ओझं त्याच्या पाठीवरून उतरवणं तुमच्या हातात आहे. पण ते दोघांनी मिळूनच होईल, एकट्यानं नाही.

"जमेल का" हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पडणं यात काहीच वावगं नाही. अग्निवीरांचं लष्करी ट्रेनिंग साधारण सात महिन्यांचं असतं आणि सुरुवातीचा काळ अंगावर सगळ्यात जास्त येतो. केस कापले जातात, झोप कमी होते, चालायचं कसं, उभं राहायचं कसं, अंथरूण घडी करायचं कसं, सगळं नव्यानं शिकावं लागतं. हुकूम हिंदीत. एकाची चूक झाली की अख्ख्या स्क्वॉडला रगड्याची शिक्षा. आणि एक गोष्ट आईबापांच्या सहसा ध्यानात येत नाही. तुमचा मुलगा दोन वर्षं तुमच्या गावात सगळ्यात वेगानं धावणारा मुलगा होता. बेळगावच्या मैदानात त्याच्या डाव्या-उजव्या हाताला उभा असलेला प्रत्येक जण आपापल्या गावात सगळ्यात वेगानं धावणाराच आहे. तिथे तो पहिल्यांदा मधल्या रांगेत आला असेल. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला शिकवणाऱ्या उस्तादाच्या ओरड्यापेक्षा हेच जास्त लागतं. त्याला घरी यायचं आहे असा याचा अर्थ होत नाही. मी अजून तोच आहे ना, असं तो विचारत होता.

पुढच्या वेळी त्यानं असं काही विचारलं तर उत्तर देण्याची घाई करू नका. "काय जड जातंय रे तुला?" एवढंच विचारा आणि गप्प राहा. फोनवरची शांतता लांब वाटते, वाटू दे. तो काही सांगेल, कदाचित अगदी बारीकसं. बुटांनी पायाला फोड आलेत, दोरीवर चढताना हात सुटतो, शेजारच्या कॉटवरचा पोरगा घोरतो. जे सांगेल ते ऐकून घ्या आणि "बरं, पुढच्या रविवारी सांग त्याचं काय झालं" म्हणा. तो बोलला आणि घर कोसळलं नाही, हे त्याला कळू दे. "ये बाळा परत" हे जितकं टाळायचं, तितकंच "आलास तर तोंड दाखवू नकोस" हेही टाळायचं. पहिल्या वाक्यानं त्याचा धीर सुटतो. दुसरं वाक्य त्याहून वाईट, कारण खरोखरच काही बिनसलं तर घराचं दार बंद आहे असं त्याला वाटत राहतं.

यासाठी फोन यायच्या आधी दोघांनी जवळ बसायला हवं. शनिवारी रात्री अर्धा तास पुरे. तुम्हाला काय विचारायचंय, यांना काय विचारायचंय, आधी कोण बोलणार ते ठरवा. तुमचं रडणं आणि त्यांचा संताप त्या अर्ध्या तासात एकमेकांसमोर होऊन जाऊ दे. हे सांगायला सोपं आणि करायला अवघड आहे, मला माहीत आहे. लग्नाला वीस-बावीस वर्षं झालेली माणसं बी-बियाणं, पाहुणेरावळे, कर्ज यांवर तासन्‌तास बोलतात, पण "मला भीती वाटते" हे वाक्य एकमेकांना म्हणालेली नसतात.

आता त्या ओट्याकडे येऊ.

दोन वर्षं तुमचे पती पहाटे चारला उठून रस्त्यावर घड्याळ धरून उभे राहिले. भरतीत सोळाशे मीटर धावावं लागतं, तिथे दोन-चार सेकंदांवर पोरांचं नशीब फिरतं. ती सेकंदं त्यांनी मोजली. थंडीत, धुक्यात, मागून येणाऱ्या ट्रकवर नजर ठेवून मोजली. बाप-लेकांचं जे काही बोलणं व्हायचं ते त्याच तासाभरात होत असेल, बहुतेक आकड्यांतच. आज किती आले, काल किती होते. आता तो तास रोज येतो आणि मोजायला समोर कुणी नाही. ताई, तुम्हाला मुलाची आठवण दिवसभर येते, भांडी घासताना येते, ताट वाढताना येते आणि तुम्ही ती बोलून दाखवता. त्यांची सगळी आठवण त्या एका तासात येते. झोप येत नाही, असं ते त्यालाच म्हणतात.

हे मी इतक्या खात्रीनं लिहिते कारण माझा धाकटा भाऊ तोफखान्यात भरती होऊन नाशिक रोडच्या सेंटरला गेला तेव्हा मी आमच्या घरात हेच पाहिलं. घरी फोन नव्हता, पत्रं यायची. आई पत्र मोठ्यानं वाचून घ्यायची, मध्येच रडायची, पुन्हा वाचायला लावायची. वडील तेव्हा उठून गोठ्यात जायचे. आई म्हणायची, यांना लेकराचं काहीच नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी, वडील गेल्यावर, त्यांच्या पेटीत ती सगळी पत्रं सापडली. तारखेनुसार लावलेली, घडीवर विरलेली. गोठ्यात जाऊन ते तीच वाचत होते. आई ती पत्रं मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसली आणि म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मीही गेले असते गोठ्यात." हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुमच्या घरी असं व्हायला नको म्हणून सांगते.

तेव्हा उद्या पहाटे ते उठले की तुम्हीही उठा. चहा ठेवा आणि ओट्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसा. काही विचारू नका, त्या फोनचा विषय तर मुळीच काढू नका. दोन-तीन दिवस असंच जाऊ दे. मग एखाद्या पहाटे म्हणा, चला, त्याच रस्त्यानं जाऊन येऊ. चालताना माणसं समोर बघतात, एकमेकांकडे बघावं लागत नाही आणि बोलणं सोपं जातं. त्यांनी फोन ओढून घेतला ही त्यांची चूक होती, ती मी झाकत नाही. ती तुम्ही त्यांना सांगाच, पण "तुम्ही असे का वागलात" असं विचारण्याऐवजी "तुम्ही घाबरला होता का" असं विचारा. ते नाही म्हणतील. म्हणू देत, तुम्ही विचारलंत हे त्यांच्या लक्षात राहील. हे उत्तर त्यांनीही वाचावं असं मला मनापासून वाटतं. दादा, तुम्ही वाचत असाल तर पुढच्या रविवारी लेकाला एवढं म्हणा: "त्या दिवशी मी घाबरलो होतो, म्हणून तसं बोललो." बापाच्या तोंडून हे ऐकलेला मुलगा त्या मैदानात जास्त घट्ट पायांनी उभा राहील.

त्या दोन आयांचा तुम्हाला मोठा आधार आहे. साताऱ्याजवळचं अपशिंगे किंवा तुमच्याच जिल्ह्यातलं सैनिक टाकळी घ्या. पिढ्यान्‌पिढ्या घराघरातून जवान देणारी ही गावं. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंग्याचे ४६ जवान कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. अशा गावात पोरगं सेंटरला गेलं की आईला विचारायला शेजारीण असते, चुलतसासू असते. "तिसऱ्या आठवड्यात माझाही असाच म्हणाला होता," असं सांगणारं कुणीतरी भिंतीपलीकडे असतं. तुमच्या भावकीत हा पहिलाच, म्हणून तुमच्या भिंतीपलीकडे कुणी नाही. ती शेजारीण तुम्ही तिघींनी एकमेकींची व्हायचं आहे.

पण परवा जे झालं ते शेजारीणपण नव्हे. "कुणाचं तरी पोरगं पडलं" हे वाक्य एका आईनं घाबरून दुसरीला दिलं आणि तिघींची झोप गेली. त्यांना दोष देऊ नका, एवढी भीती एकटीला पेलवली नसेल. मात्र यापुढे तिघींनी ठरवा की स्वतःच्या मुलाच्या तोंडून ऐकलेलं तेवढंच पुढे सांगायचं. ट्रेनिंगमध्ये पोरं पडतात, नडगीची हाडं दुखतात, पाय मुरगळतात. त्यासाठी एमआय रूम, म्हणजे सेंटरमधलाच छोटा दवाखाना असतो आणि दुखणं मोठं असेल तर लष्करी रुग्णालय. मुलाच्या कागदपत्रांत घरचा पत्ता आणि नंबर आहेत, गंभीर काही असलं तर कळवलं जातं. ज्या बातमीत मुलाचं नाव नाही, ती बातमी तुमच्या मुलाची आहे असं धरून रात्र काढायची नाही.

याच भीतीवर डोळा ठेवून असणारी माणसंही आहेत, म्हणून एक सावधगिरी. तुमचा मुलगा जखमी आहे, ताबडतोब पैसे पाठवा, असा फोन कुणाचाही आला, अगदी साहेबाच्या आवाजात आला, तरी पैसे पाठवू नका. फौज जखमी जवानाच्या उपचारासाठी घरून पैसे मागत नाही. फोन ठेवा, उरलेल्या दोघींना लावा आणि मग भरतीच्या कागदांवर सेंटरचा जो नंबर असेल त्यावर विचारा. नंबर सापडत नसेल तर कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. त्या कार्यालयाचं काम माजी सैनिकांचं आहेच, पण नोकरीत असलेल्यांच्या घरच्यांनाही ते वाट दाखवतात.

आणखी एक सुचवते. तुम्ही तिघी बोलता, पण तीन बाप? त्यांनी एकमेकांचा आवाजही ऐकला नसेल. एखाद्या रविवारी तिन्ही फोन होऊन गेले की सगळ्यांनी एका घरी जमा. पुरुष मंडळी आधी पाऊसपाणी आणि उसाच्या दरावर बोलतील. मग कुणीतरी म्हणेल, आमचा किती मिनिटांत धावायचा माहीत आहे का. तिथून पुढचं त्यांचं त्यांना जमेल. तुमच्या पतींना मिळालेलं नाही ते हेच, तशाच दुसऱ्या बापाशेजारी बसणं.

गेटवर जाऊ का, या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे, आणि हे "नाही" लिहिताना मला वाईट वाटतंय. तुम्ही तिथे उभ्या आहात हे त्याला कळलं आणि भेट मिळाली नाही तर त्याचा पुढचा आठवडा वाया जाईल. भेट मिळाली तरी तुम्ही परत निघताना त्याला पुन्हा पहिल्या दिवसासारखंच वाटेल. भेटीचा दिवस असेल तर मुलगाच सांगेल, तेव्हा जरूर जा, आणि एकट्या जाऊ नका. नाहीतर ट्रेनिंगच्या शेवटी होणाऱ्या कसम परेडपर्यंत थांबा. त्या दिवशी आईवडिलांना बोलावतात. तिरंग्यासमोर पोरं शपथ घेतात आणि त्यानंतर आईबापांच्या छातीवर गौरव पदक लावलं जातं. हो, तुमच्याही छातीवर. माझ्या आईला माझ्या भावाच्या परेडला जाता आलं नाही, तिकिटाचे पैसे नव्हते. तुम्ही मात्र आत्तापासून दोघांची तयारी करून ठेवा.

भावकीच्या प्रश्नाला मी फार जागा देणार नाही. २०२२ मध्ये सुरू झालेल्या या अग्निपथ योजनेत ट्रेनिंग धरून चार वर्षांची सेवा आहे. त्यातून २५ टक्क्यांपर्यंत जवान कायम केले जातात. बाकीच्यांना सेवा निधी मिळतो, त्यात जवानाच्या पगारातून कापलेले ५ लाख २ हजार आणि सरकारचे तितकेच, वर व्याज. हा हिशेब दोघांनाही पाठ असावा. मात्र सातव्या आठवड्यात असलेल्या मुलाला चार वर्षांनंतरचं विचारायचं नाही, आणि भावकीसमोर एक जण एक आणि दुसरा दुसरंच असं बोलायचं नाही. "आधी ट्रेनिंग होऊ दे, मग बघू," हे एकच उत्तर दोघांनी द्या. तुम्ही एकटीनं ऐकून घेता आणि ते उठून बाहेर जातात, असं होत असेल तर ते आधी थांबवा.

मी वर जे लिहिलं ते नेहमीच्या काळजीसाठी आहे. मुलगा कधी जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलला, स्वतःला काही करून घेण्याची भाषा केली, तर पुढच्या रविवारची वाट बघायची नाही. त्याच दिवशी सेंटरला फोन करायचा आणि काय ऐकलं ते सरळ सांगायचं. यात त्याची अब्रू जात नाही. आणि तुमची स्वतःची झोप, भूक अशीच आठवडेच्या आठवडे गेली तर १४४१६ या नंबरवर बोला. टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. यांची पहाटेची जाग तशीच राहिली आणि दिवसाही ते कशात रमेनासे झाले, तर त्यांच्यासाठीही तोच नंबर.

शेवटी एक काम सांगते. मुलाला कागदावर पत्र लिहा. रविवारचा फोन पाच मिनिटांत संपतो आणि त्याच्या मागे रांग असते. पत्र त्याला रात्री कॉटवर पडून पुन्हा पुन्हा वाचता येतं. पत्त्यावर त्याचा नंबर, नाव, कंपनी, प्लाटून नीट घाला, ते फोनवर विचारून घ्या. तुमचा मजकूर मी सांगायची गरज नाही, तुम्ही मला चार पानं लिहिलीत, त्याला आठ लिहाल. पण खाली थोडी जागा यांच्यासाठी सोडा. ते म्हणतील मला काय लिहायला येतंय. मग तुम्ही त्यांना पहाटे ओट्यावरच वही-पेन द्या आणि सांगा, फक्त एवढं लिहा की मी अजून चारला उठतो.